पाठवलेलं कुठे जातं

नाना पत्राची नक्कल ठेवल्याशिवाय पत्र पाठवत नाहीत. ही सवय त्यांना औष्णिक केंद्रातल्या नोकरीत लागली की त्याआधीच अंगात होती, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. पूर्वी कार्बन पेपर असायचा, मग झेरॉक्स आली. विम्याच्या कचेरीला लिहिलेलं पत्र असो, गॅस एजन्सीला केलेली तक्रार असो की नात्यातल्या लग्नाला येता येत नसल्याचा दिलगिरीचा कागद असो, त्याची एक प्रत फायलीला लागणार आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक पडणार. घरचाच क्रमांक, घरचीच नोंदवही. लग्नाच्या पत्राला जावक क्रमांक कशाला, असं नानींनी विचारून पाहिलं असेल, पण ते फार वर्षांपूर्वी. आता त्या विचारत नाहीत.

नाना माझ्या वडिलांचे सहकारी. भुसावळजवळच्या दीपनगरला, औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, आमचं आणि त्यांचं क्वार्टर एकाच ओळीत होतं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. मग कुणी भुसावळात फ्लॅट घेतला, कुणी जळगाव गाठलं, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं. नानांनी फेकरीच्या बाजूला घर बांधलं. ओट्यावरून केंद्राच्या चिमण्या दिसल्या पाहिजेत, एवढी एकच अट त्यांनी गवंड्याला घातली होती म्हणे. त्या दिसतात. कूलिंग टॉवरमधून वर चढणारी पांढरी वाफही दिसते. बाहेरगावचा पाहुणा तिला धूर म्हणतो, मग नाना त्याला वाफ आणि धूर यांतला फरक समजावून सांगतात, आणि पाहुण्याचा चहा गार होतो.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर नाना ओट्यावर मांडीवर लॅपटॉप आणि हातात फोन घेऊन बसलेले. "अगं पोरी, सकाळी मी फोनवरून मेल पाठवला. आता कॉम्प्युटरवर तो दिसूच नाही राहिला. गेला का नाही गेला?"

मेल गेला होता. त्याला उत्तरही आलं होतं. प्रश्न त्यांच्या नकलेचा होता. लॅपटॉपवर डाव्या हाताला खोक्यांची जी रांग असते, तिच्यात 'सेंट' असं एक नाव होतं. थोडं खाली 'सेंट आयटम्स' होतं. आणखी खाली, जिथे सहसा कुणी पोहोचत नाही तिथे, 'सेंट मेसेजेस' होतं. सकाळचा मेल या तिसऱ्यात पडला होता. 'सेंट'मध्ये मागच्या दिवाळीपासूनचे होते आणि 'सेंट आयटम्स'मध्ये त्याच्याही आधीचे, जुन्या कॉम्प्युटरच्या काळातले. टाकून दिलेल्या मेलांचीही अशीच तीन घरं झाली होती: 'ट्रॅश', 'डिलीटेड आयटम्स', 'डिलीटेड मेसेजेस'. नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कंट्रोल रूममधल्या पॅनेलकडे बघावं तसं त्या रांगेकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"एका जावकेला तीन रजिस्टरं? आमच्या वेळी असं केलं असतं तर मेमो निघाला असता."

हे असं का होतं, ते त्यांना सांगताना मलाच त्यात गोडी वाटायला लागली. मेल फोनमध्येही नसतो आणि लॅपटॉपमध्येही नसतो. तो दूर कुठल्या तरी शहरातल्या मोठ्या यंत्रावर असतो, आणि आपण वेगवेगळ्या खिडक्यांतून त्याच एका खोलीत डोकावत असतो. या डोकावण्याची बोलीभाषा मार्क क्रिस्पिन नावाच्या माणसानं १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. आयमॅप तिचं नाव. त्या भाषेच्या नियमांत खोक्याचं एकच नाव राखून ठेवलेलं आहे, इनबॉक्स. ते मोठ्या लिपीत लिहा, लहान लिपीत लिहा, ते इनबॉक्सच. बाकीच्या खोक्यांना काय म्हणायचं हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं.

आणि ज्यानं त्यानं आपापलं म्हटलं. आउटलुकनं 'सेंट आयटम्स' आणि 'डिलीटेड आयटम्स' म्हटलं. अ‍ॅपलच्या मेलनं 'सेंट मेसेजेस' आणि 'डिलीटेड मेसेजेस'. थंडरबर्डनं नुसतं 'सेंट' आणि 'ट्रॅश'. विद्यापीठांमधून चालणारा पाइन नावाचा जुना प्रोग्राम 'सेंट-मेल' म्हणायचा, मधे आडवी रेघ देऊन. जीमेल 'सेंट मेल' म्हणतो, बिनरेघेचं. त्यातही तुम्ही अमेरिकन इंग्रजी सोडून ब्रिटिश इंग्रजी निवडली असेल तर 'ट्रॅश'चं 'बिन' होतं, आणि दुसऱ्या प्रोग्रामातून त्याच खात्यात डोकावलं तरी तिथेही 'बिन'च दिसतं. नको असलेल्या मेलांना कुणी 'स्पॅम' म्हणतं, कुणी 'जंक'. याहूनं बरीच वर्षं 'बल्क' म्हणून पाहिलं. मला यांतला सगळ्यांत आवडलेला म्हणजे युडोरा. पोस्टात राहणाऱ्या बाईची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेवरून त्या प्रोग्रामचं नाव पडलं होतं. त्याच्या खोक्यांची नावं होती 'इन', 'आउट' आणि 'ट्रॅश'. आवक, जावक, केराची टोपली. नानांना युडोरा मिळाला असता तर त्यांनी शिकवणीही लावली नसती.

नवा प्रोग्राम खात्याला जोडला की तो आधी आपल्या ओळखीचं खोकं शोधतो. सापडलं नाही की कुणाला न विचारता नवं तयार करतो आणि आपलं काम सुरू करतो. जुन्या प्रोग्रामाचं खोकं तिथंच राहतं, भरलेलं. चार फोन बदलले, दोन कॉम्प्युटर बदलले की नानांसारखी रांग तयार होते. कुणाचीच चूक नसते आणि तरी वस्तू सापडत नाही.

मला राहून राहून त्या एका राखीव नावाचं नवल वाटतं. येणाऱ्याच्या बाबतीत सगळ्या जगाचं एकमत झालं. दार कुठलं, हे ठरलं. आपल्या हातून गेलेलं कुठे ठेवायचं आणि आपण टाकून दिलेल्याला काय म्हणायचं, यावर मात्र एकमत नाही. माणसांतही असंच असावं. आपल्याकडे काय आलं याची नोंद सगळेच ठेवतात. लग्नात आलेल्या आहेराची वही घरोघरी असते, तीस-तीस वर्षांची, पानं पिवळी पडलेली, कोणी किती रुपये दिले, कोणी पातेलं दिलं. आपण कुणाला काय दिलं याची वही वेगळी, बहुधा अर्धीमुर्धी, आणि ती कुठल्या ट्रंकेत आहे यावर घरात दुमत. काय काय फेकलं याची वही तर कोणीच ठेवत नाही.

कोणीच नाही असं म्हणताना मी सरकारला विसरले. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. तहसील कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सहाही गठ्ठे सांगेल. पहिल्यात हातावरची, निकाल न लागलेली प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण लिहिलं आहे आणि समोरच्याचं उत्तर यायचं आहे. तिसऱ्यात नियतकालिकं, ठरल्या मुदतीला वर धाडायची विवरणपत्रं. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणं. सहाव्यात 'ड' वर्गाचे कागद, मुदत संपली की नष्ट करायचे. अभिलेखांनाही वर्ग आहेत: 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, आणि उतरत उतरत 'ड', ज्याचं आयुष्य एका वर्षाचं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची मांडणी आणि अभिलेखांची घडी नव्यानं बसवली, आणि ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. सरकारी कचेरीची चेष्टा करणं सोपं असतं, मीही केली आहे. पण रावेरच्या कचेरीतून शिरपूरच्या कचेरीत बदली झालेल्या कारकुनाला पहिल्या दिवशी गठ्ठे शोधत बसावं लागत नाही. खाकी रुमालाची गाठ सोडली की आत काय असेल ते त्याला ठाऊक असतं. एका मेल-प्रोग्रामातून दुसऱ्यात बदली झालेल्या माणसाच्या नशिबी एवढंही सुख नाही.

त्या सहांतला दुसरा गठ्ठा मला हवा आहे. प्रतीक्षाधीन. माझ्या पाहण्यातल्या एकाही मेल-प्रोग्रामनं असं खोकं आपणहून दिलेलं नाही. आलेलं आहे, गेलेलं आहे, अर्धवट लिहून ठेवलेलं आहे, टाकलेलं आहे. पण ज्याच्या उत्तराची आपण वाट पाहत आहोत, त्याला स्वतंत्र जागा नाही. ते बिचारं 'पाठवलेलं'मध्ये इतर शेकड्यांच्या खाली दबून जातं. इंग्रजांच्या काळापासून कागद हाताळत आलेल्या खात्याला हे कळलं होतं की पाठवलेलं पत्र आणि उत्तराची वाट बघायला लावणारं पत्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. कॉम्प्युटरवाल्यांना ते अजून कळायचं आहे, किंवा कळूनही त्यांना त्याचं महत्त्व वाटलेलं नाही.

उलट सहाव्या गठ्ठ्याच्या बाबतीत मेलवाले चमत्कारिक आहेत. जीमेलमध्ये टाकलेलं तीस दिवसांनी आपोआप नाहीसं होतं. काही ठिकाणी मात्र ते तसंच पडून राहतं, आपण होऊन रिकामं करेपर्यंत. माझ्या माहितीतल्या एक बाई महत्त्वाचे सगळे मेल 'डिलीटेड आयटम्स'मध्ये ठेवायच्या. वाचून झालं की एका कळीत तिकडे जातं, समोरून दूर होतं आणि हवं तेव्हा सापडतं, हा त्यांचा हिशोब. खानदेशातल्या धाब्याच्या घरांत माळ्यावर जे जातं ते असंच, टाकलेलंही नसतं आणि वापरातलंही नसतं. पुढे त्यांचा प्रोग्राम बदलला आणि नव्यानं नेमानं केर काढायला सुरुवात केली. त्यांचं काय काय गेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नसावं.

नावं सुटता सुटत नाहीत, हे दीपनगरमध्ये वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. २००५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन झालं. वीज बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. दीपनगर महानिर्मितीत गेलं. फाटकावरच्या पाट्या बदलल्या, पगारपत्रकावरचं नाव बदललं. वसाहतीतल्या बायका मात्र अजून "आमचे हे बोर्डात आहेत" असंच म्हणतात. भुसावळात रिक्षावाल्याला 'दीपनगर' म्हटलं की तो "थर्मलला का?" असं विचारून खात्री करून घेतो. आतल्या माणसांना संच त्यांच्या आकड्यांनी माहीत. दोनशे दहा, पाचशे, सहाशे साठ. मेगावॅट हा शब्द बोलण्यात कधीच गळून गेला. पाटीवरही कुठे दीपनगर असतं, कुठे दिपनगर, आणि दोन्ही पाट्या एकाच रस्त्यावर असतात.

धुळ्याचं बघा. जुन्या इंग्रजी कागदांत ते धुलिया असायचं. गावानं ते केव्हाच टाकलं, पण चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या गाडीच्या तिकिटावर स्टेशनचा कोड अजून डीएचआय आहे. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश ही जिल्ह्यांची नावं १९६० मध्ये जाऊन जळगाव आणि धुळे आली, आणि तरी सोयरीक जमवताना "मुलगी पूर्वची की पश्चिमची" असं विचारणारी एक म्हातारी मी पाहिली आहे. जुनं खोकं रिकामं होत नाही तोवर त्याचं नाव टिकतं, एवढाच त्याचा अर्थ असेल.

भुसावळ हे पत्रांच्या दृष्टीनं लहान गाव नव्हे. रेल्वे मेल सर्व्हिसच्या 'एल' विभागाचं ठाणं तिथे आहे. लहानपणी वडिलांबरोबर स्टेशनवर गेले की आरएमएसच्या लाल पेटीत पत्र टाकायचं काम माझ्याकडे असायचं. वसाहतीतल्या पेटीपेक्षा तिथलं पत्र लवकर निघतं, असा वडिलांचा विश्वास होता. आत खणाखणांची लाकडी मांडणी दिसायची. त्या खणांसमोर उभा असलेला माणूस गठ्ठ्यातून एकेक पत्र उचलून न बघितल्यासारखं बघायचा आणि ते योग्य खणात जाऊन पडायचं. मला तेव्हा तो पत्ते वाटतोय असं वाटायचं. त्याला काय काय पाठ असावं लागत असेल, याची कल्पना नंतर आली. दीपनगरला खेटून निंभोरा आहे. रावेर तालुक्यात, खंडव्याच्या रेल्वेमार्गावर आणखी एक निंभोरा आहे, आणि स्टेशन त्याला आहे. पिंपळगावं तर मोजूच नयेत. बुद्रुक आणि खुर्द लावून फरक केला तरी पत्र लिहिणारा ते लावेलच याची खात्री नाही. त्यातून पत्ता मराठीत, हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत, किंवा कुठल्याच भाषेत नीट न लागणाऱ्या अक्षरात.

या गोंधळावरचा उपाय एका मराठी माणसानं काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, पोस्ट आणि तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १९७२ च्या १५ ऑगस्टला त्यांचा सहा आकड्यांचा पिनकोड देशात सुरू झाला. पहिला आकडा देशाचा मोठा प्रदेश सांगतो. चार म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून पत्राची वर्गवारी कुठे व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. मला यातली गंमत अशी वाटते की ज्या माणसाचं निम्मं आयुष्य शब्दांच्या नादात गेलं, त्यानं गावांच्या नावांना हातसुद्धा लावला नाही. दोन निंभोऱ्यांपैकी एकाचं नाव बदला असं तो म्हणाला नाही. स्पेलिंगं एकसारखी करा, असंही नाही. नावं राहू द्या, शेजारी एक आकडा लिहा, एवढंच. कारकुनाला ते सुचलं नसतं असं नाही. पण नावं बदलण्याचा मोह कारकुनाला आवरला नसता.

(१५ ऑगस्टशी पत्रांचं काहीतरी नातं असावं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेटही आपल्याकडे विदेश संचार निगमनं १९९५ च्या १५ ऑगस्टलाच सुरू केलं. भुसावळात ते पोचून तासावारी पैसे घेणारे कॅफे उघडायला आणखी काही वर्षं गेली. त्या कॅफेतल्या प्लायवूडच्या खोपटांत बसून आम्ही जी पहिली खाती उघडली, त्यांचे पासवर्ड आता कुणालाच आठवत नाहीत, आणि त्यांच्या 'सेंट'मध्ये काय होतं ते आठवू नये अशीच बहुतेकांची इच्छा असेल.)

मेलच्या खोक्यांचा पिनकोड यायला २०११ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आरएफसी ६१५४ या रुक्ष नावाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. दूरच्या यंत्रानं प्रत्येक खास खोक्याच्या मागे एक खूण लावावी, असं त्यात सुचवलेलं आहे. खुणा सात: सगळं, संग्रह, मसुदे, निशाण लावलेलं, नकोसं, पाठवलेलं, टाकलेलं. पुढच्या बाजूला नाव काहीही असो. नवा प्रोग्राम आला की त्यानं नावं वाचत बसू नये, खूण पाहावी आणि पाठवलेलं त्या खोक्यात टाकावं. इनबॉक्सला खूण दिली नाही, कारण त्याच्याबद्दल भांडण नव्हतंच. हे इतकं साधं आहे की आधी का सुचलं नाही असं वाटावं. पण पत्रंही कितीतरी वर्षं पिनकोडवाचून धावत होतीच! आणि पिनकोड न लिहिणारे आजही आहेत, तसे खुणा न वाचणारे प्रोग्रामही आहेत. शिवाय खुणा येण्याआधी तयार झालेली खोकी ज्याच्या त्याच्या खात्यात आहेतच. नानांच्या खात्यात होती तशी.

नानांना खुणांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना ती माझ्याआधी कळली. केंद्रात प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची टॅग असते, तिच्यावर नंबर. शिफ्टमधली माणसं नंबरानं कधी बोलत नसत. एक व्हॉल्व्ह सदा गळायचा, त्याचं नाव 'रडका' पडलं होतं. दुसरा हातानं फिरवायला दोन माणसं लागायची, तो 'जावई'. लॉगबुकात मात्र नंबरच लिहायचा. "नवा इंजिनीअर रात्रपाळीला एकटा असला, फोन आला, की त्याला रडका कोण अन् जावई कोण काय माहीत? तो नंबर बघणार. नाव आपल्यासाठी, नंबर परक्यासाठी." मग थोडं थांबून म्हणाले, "नंबर नसता तर केंद्र चाललं नसतं. अन् नाव नसतं तर नोकरी झाली नसती."

त्या तीन खोक्यांचं एकच खोकं करून त्याचं नाव काय ठेवावं, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मराठी ठेवूया का, मी विचारलं. जीमेलची भाषा मराठी केली की खोक्यांची नावंही मराठी होतात, आणि ती बाहेरच्या प्रोग्रामांतूनही तशीच दिसायला हवीत. जुन्या आयमॅपमध्ये इंग्रजीबाहेरच्या लिपीतलं नाव यंत्रावर एका विचित्र सांकेतिक रूपात साठवलं जातं. 'अँड'च्या चिन्हानं सुरू होणारी आणि आडव्या रेघेनं संपणारी रोमन अक्षरांची माळ. चांगला प्रोग्राम ती उलगडून आपल्याला मराठी दाखवतो. एखादा गबाळा प्रोग्राम ती माळ जशीच्या तशी दाखवतो, आणि आपण ठेवलेलं नाव आपल्यालाच वाचता येत नाही. २०२१ च्या सुधारित नियमावलीत सरळ युनिकोड ठेवायची सोय झाली आहे. नानांना या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी ठामपणे सांगितलं की नाव 'जावक' पाहिजे, आणि ते देवनागरीतच.

मग आम्ही 'जावक' केलं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाठवलेल्या मेलांचं खोकं म्हणून तेच निवडलं, लॅपटॉपवरही तेच. तीन खोक्यांतलं सगळं उचलून त्यात आणलं. तारखेनं रांग लावली तेव्हा नानांची बारा-पंधरा वर्षं एकाखाली एक आली. विम्याची तक्रार, भाच्याच्या लग्नाची दिलगिरी, मुलाला पाठवलेली औषधांची यादी, पुन्हा विमा. नाना बोटानं खाली सरकवत गेले. वाचत फारसं नव्हते. फक्त मधूनमधून "हं, हे गेलं होतं बरं" असं म्हणत होते.

सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून एकच नाव का ठरवू नये, असं मला नेहमी विचारलं जातं, विशेषतः ज्यांची रांग लांब झाली आहे त्यांच्याकडून. ठरवायला हरकत नाही. पण ठरलं तर ते नाव कुणाचं ठरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. 'जावक' तर नक्कीच ठरणार नाही. भुसावळ-यावल पट्ट्यातली लेवा बोली आणि धुळ्याकडची अहिराणी यांत रोजच्या वापरातल्या वस्तूंची नावं निराळी आहेत, आणि जळगावच्या बाजारात दोघांचा व्यवहार बिनबोभाट होतो. वस्तू हातात धरून दाखवता येते, म्हणून होतो. खोकं हातात धरता येत नाही, तिथे खूण लागते. मला खुणेचा आग्रह आहे, नावाचा नाही. नावाच्या बाबतीत माझं मत नानांच्या बाजूनं पडतं: ज्याचं खोकं, त्याचं नाव.

तेव्हा घरातल्या कुणा थोरामोठ्यांचा मेल नव्या फोनला जोडून देणार असाल, तर पाच मिनिटं जास्त बसा. पाठवलेलं कुठे जाऊन पडतंय ते पाहा, आणि फोन व कॉम्प्युटर दोघांना एकच खोकं दाखवून द्या. सेटिंग कुठे आहे ते शोधावं लागेल, पण ते असतं. खोक्याला काय म्हणायचं ते त्यांना विचारा. आणि कधी तुम्हाला नानांना कागदावर पत्र लिहावंसं वाटलंच, तर गावाच्या जागी दीपनगर लिहा, दिपनगर लिहा, हवं तर नुसतं थर्मल लिहा. पिनकोड मात्र न चुकता लिहा, ४२५३०७.